पाटीवरची गोगलगाय

"म्हातारा असा बोंबलेल ना, की डोलकाठ्यांवरचे सगळे सीगल उडून थेट नॉर्वेला जातील," फ्लेमिंग म्हणाला. "लाव पैज."

"तो कसला बोंबलतोय!" मागच्या बोटीतून उवेने मान वर काढली. "रोज सकाळी मला बघून टोपी उचलतो. गरीब गाय आहे ती."

"तुला टोपी उचलतो. मला तीन उन्हाळ्यांपूर्वी काय काय उचलून दिलं, ते बेंटेला विचार."

फ्लेमिंगची बायको बेंटे बोटीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घालत होती. चिमटा दातात धरूनच ती म्हणाली, "मला मध्ये ओढू नका. लाल पाटी असताना दुसऱ्याच्या जागेत घुसलास, शिव्या खाल्ल्यास. त्यात त्याचं काय चुकलं?"

"पाच मिनिटांसाठी घुसलो होतो!"

"जेवायला बसला होतास."

उवे खो खो हसला. जर्मनीतल्या कीलहून एकटाच आलेला, पोट सुटलेला, बायको कधीच सोडून गेलेली, आणि तेही तो हसत हसतच सांगायचा. पूर्वेचा वारा चार दिवस थांबायला तयार नव्हता. बॉर्नहोमला निघालेल्या सगळ्या बोटी वाटेतल्या एका बेटावरच्या या इवल्याशा बंदरात पाहुण्यांच्या लांब धक्क्याला बांधून पडल्या होत्या. करायचं काय? टाकीत पाणी भरून झालं, इंजिनाचं तेल बदलून झालं, ओल्या गाद्या उन्हात टाकून झाल्या, कपडे धुऊन झाले, न्हाणीघराबाहेरच्या रांगेत उभं राहून झालं. उरला एकच धंदा. दुपारी बियर घेऊन बोटीच्या मागच्या भागात बसायचं आणि आत येणाऱ्या बोटी बघायच्या. कोण खुंटाला धडकतो, कोणाची बायको दोर घेऊन उडी मारायला नकार देते, कोण 'मी ओरडत नाहीये' असं ओरडून सांगतो. याला उवे बंदर-सिनेमा म्हणायचा. तिकीट नाही, मध्यंतर नाही.

पण त्या दिवशी सिनेमाला नट मिळेना. म्हणून फ्लेमिंगला एगोनची आठवण झाली.

एगोन म्हणजे बेटावरचा जुना पोस्टमन. वय ऐंशीच्या पुढे. समोरच्या धक्क्यावर, दोन खुंटांच्या मधल्या खणात त्याची छोटी लाकडी बोट, 'स्पुर्वेन'. स्पुर्वेन म्हणजे चिमणी. कितीही वारा असो, न्याहारी झाली की म्हातारा बेटाच्या आडोशाला मासे धरायला जाणार आणि दुपारच्या कॉफीला परत येणार. जाताना त्याच्या खणासमोरची पाटी लालच असायची. लाल म्हणजे मालक येणार आहे, इथे कोणी बांधायचं नाही. मालक चार दिवस बाहेर जाणार असला तर तो पाटी फिरवतो, हिरवी बाजू समोर येते, आणि मग कोणीही पाहुणा बिनधास्त आत शिरतो. डेन्मार्कच्या प्रत्येक बंदरात हेच चालतं. कुलूप नाही, राखणदार नाही. लाकडाची एक पाटी, आणि तिच्यावर सगळ्यांचा विश्वास.

"समज, कोणीतरी त्याची पाटी हिरवी केली," फ्लेमिंग हळू आवाजात म्हणाला. बेंटे खाली भांडी लावायला गेली होती. "समज, त्यात कोणी येऊन बांधलं. आणि मग आमचा पोस्टमन परत आला."

उवेचे डोळे चमकले. "हलकट आहेस."

"ओरडेल."

"नाही ओरडणार."

"हरलो तर उद्या सकाळी बेंटेचा फुलाफुलांचा गाऊन घालून सगळ्या धक्क्याला न्याहारीचे पाव वाटतो. प्रत्येक बोटीसमोर उभं राहून मोठ्याने म्हणतो, मी हरलो."

"आणि मी हरलो तर?"

"तर तू घालायचास."

"माझा गाऊन त्याच्या पोटावरून खाली यायचा नाही!" खालून बेंटेचा आवाज आला. तिला तेवढंच ऐकू आलं होतं.

फ्लेमिंग ओडेन्समध्ये नळाची कामं करायचा. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या मोरीखाली पाठीवर पडून काढलेली. त्याच्यात सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण थट्टेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कामावरच्या पोराच्या डब्यात रबराचा उंदीर, मेहुण्याच्या लग्नात चुकीच्या चर्चचा पत्ता. आणि हे करून झाल्यावर तो असा काही निरागस बघायचा, की शपथ घ्यावी. "खोटं बोलताना याचा कान पण हलत नाही," बेंटे म्हणायची. तिच्या सांगण्यात थोडं कौतुकही असायचं. इतकी वर्षं झाली, त्याचं खोटं कधी कोणी जागच्या जागी पकडलं नव्हतं.

रिकामी बादली हातात घेऊन, जणू पाणी आणायला निघालाय असा तो समोरच्या धक्क्यावर गेला. एगोनच्या खणाशी थांबला, बुटाची नाडी बांधली, आणि उठता उठता पाटीला बोट लावलं. पाटी सहज फिरली. हिरवी. लांबून उवेने बियरचा डबा उंच केला.

अर्ध्या तासात एक डच जोडपं आलं. वाऱ्याने बेजार झालेली बोट, बाईच्या ओठांवर मीठ, पुरुषाचा घसा बसलेला. त्यांना हिरवी पाटी दिसली आणि दोघांच्या तोंडावर जे सुख पसरलं, ते बघून फ्लेमिंगला आपण काहीतरी पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. त्यांनी बांधलं, इंजिन बंद केलं, तिथेच एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसले.

आणि मग एगोन आला.

नेहमीप्रमाणे इंजिन न लावता, एका छोट्या शिडावर, बंदराच्या तोंडातून आत. उवेने खुर्ची सरकवून घेतली. फ्लेमिंगने हात चोळले. चिमणी आपल्या खणाकडे वळली आणि वळता वळता थबकली. शीड फडफडायला लागलं. म्हातारा उभा राहिला. त्याने आपल्या जागेतली परकी बोट बघितली. मग पाटी बघितली.

"आता," फ्लेमिंग पुटपुटला. "आता बघ."

एगोनने टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. टोपी परत घातली.

डच माणूस गडबडून उठला होता. "तुमची जागा आहे का? आम्ही निघतो, लगेच निघतो. पाटी हिरवी होती म्हणून..."

"बसा, बसा," एगोन म्हणाला. आवाज इतका मऊ, की या धक्क्यापर्यंत जेमतेम पोचला. "तुमचं काही चुकलं नाही. मीच हिरवी करून गेलो. म्हातारपण."

आणि शीड ओढून घेऊन तो बाहेर वळला.

"हरलास!" उवेने मांडीवर थाप मारली. "गाऊन! फुलाफुलांचा गाऊन!"

फ्लेमिंगने दात काढले, पण नीट निघाले नाहीत. म्हातारा बंदरात एक फेरी मारत होता, जागा शोधत. आडव्या वाऱ्यात त्याची चिमणी कडेकडेने ढकलली जात होती. दुसरी फेरी. मग तो थेट यांच्याकडेच आला.

"अरे बाबा," त्याने फ्लेमिंगला हाक मारली, "तुझ्या बोटीला बांधू का मी? आजच्या रात्रीपुरतं?"

तीन उन्हाळ्यांपूर्वी ज्याला शिव्या घातल्या तो हाच, हे त्याच्या गावीही नव्हतं. फ्लेमिंगने दोर पकडला. पकडताना म्हाताऱ्याचा हात त्याच्या हाताला लागला. गार होता.

बोटीला बोट बांधली की बाहेरच्याला धक्क्यावर जायला आतल्याच्या बोटीवरूनच जावं लागतं. त्यालाही रीत आहे. माणूस बसतो तिथून जायचं नाही, पुढून जायचं. एगोनने बूट काढून हातात घेतले आणि लोकरीच्या मोज्यांनी, चोरासारखा, फ्लेमिंगच्या बोटीच्या पुढच्या टोकावरून धक्क्यावर उतरला. थोड्या वेळाने तसाच परत आला. मग एकदा पाणी आणायला. प्रत्येक वेळी "माफ कर हं" म्हणत. प्रत्येक वेळी फ्लेमिंग खाली काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होता.

संध्याकाळी त्याने मासे आणून दिले. चपटे, ताजे, आतडी काढून साफ केलेले, एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात. "जागा दिलीस म्हणून."

"तुम्हीच या ना जेवायला, एगोनकाका," बेंटे म्हणाली. "एवढे आम्ही दोघं कुठे खाणार?"

बोटीतल्या टेबलाशी तिघं बसली की गुडघ्याला गुडघे लागतात. बेंटेने मासे राय धान्याच्या पिठात घोळून लोण्यात तळले, बटाटे उकडले. एगोनने टोपी मांडीवर ठेवली. स्नाप्सचा एक पेला घेतला, दुसऱ्यावर हात ठेवला.

"मी नाही घेत जास्त. आज नाही. लोने म्हणेल, बघा, वर पिऊन बसलेत."

"लोने म्हणजे?"

"मुलगी. फॉबोर्गला असते." त्याने माशाचा काटा अलगद बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला. "हिवाळ्यात दोनदा गॅस चालू राहिला माझ्याकडून. एकदा शेजाऱ्याच्या दारात जाऊन किल्ली लावत बसलो होतो. चाळीस वर्षं त्याच्याकडे पत्रं टाकली, त्याचं दार काय मला माहीत नाही? तर ती म्हणाली, बाबा, बोट बंद. मी म्हटलं, एवढा उन्हाळा दे. एकही चूक केली नाही तर बोट माझी. एक जरी चूक झाली, तरी मी स्वतः तुला सांगीन आणि विकू. हातावर हात मारला आम्ही."

बेंटे तव्याकडे वळली होती, ती तशीच राहिली.

"मग कळवलं मी तिला. मघाशीच फोन केला. उद्या सकाळच्या फेरीबोटीने येतेय. एक माणूस आहे तिच्या ओळखीचा, त्याला लाकडी बोट हवीच आहे."

"अहो, पण कोणी बघितलं होतं का?" फ्लेमिंगच्या तोंडून निघून गेलं. "न सांगता चाललं असतं की."

एगोनने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडायला सांगितल्यावर पोस्टमन बघेल तसं.

फ्लेमिंगने ताटात मान घातली. मग सुटायची एक वाट त्याला दिसली आणि तो त्यावर धावला. "काका, मला काय वाटतं सांगू? पोरांनी केलं असणार. दिवसभर खेकडे धरत धक्क्यावर बोंबलत असतात. पाटी दिसली की फिरवतात. मी पण लहानपणी केलंय."

कान हलला नाही. इतकं सफाईदार जमलं, की त्याला स्वतःलाच हायसं वाटलं.

"नाही रे," एगोन म्हणाला. "पोरांना कशाला दोष द्यायचा? मला आठवतंय ना. डाव्या हातात डबा होता, हाच, बिस्किटाचा. पाटीवर गोगलगाय चिकटली होती. पिवळी, काळ्या पट्ट्याची. म्हटलं, फिरवताना चिरडेल बिचारी. बोटाने अलगद सोडवली, खाली गवतात ठेवली, आणि मग पाटी फिरवली. का फिरवली, ते मात्र आठवत नाही. तेवढंच गेलंय." तो ओशाळून हसला. "बाकी सगळं लख्ख."

फ्लेमिंगने हातातला घास ताटात परत ठेवला. पाटी त्याने स्वतःच्या बोटाने फिरवली होती. लाल होती, फिरवल्यावर हिरवी झाली. म्हाताऱ्याने तिला हातही लावला नव्हता.

तेवढ्यात बाहेरून उवेची हाक आली. दोन बियर आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असा आवाज. "कुठे लपलाय माझा फुलराणा? गाऊन घालून बघितलास का? काखेत घट्ट होत असेल तर आत्ताच सांग!"

"कसला गाऊन?" एगोनने कुतूहलाने विचारलं.

"पैज लावली होती," फ्लेमिंग म्हणाला. "वाऱ्यावर. वारा पडेल की नाही."

"आणि तू हरलास?"

"हो."

"अरेरे," एगोन म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

उवेने खाली डोकं घातलं, म्हाताऱ्याला टेबलाशी बघितलं, बेंटेचा चेहरा बघितला, आणि बियर दोन्ही हातात तशाच धरून परत गेला.

एगोन गेल्यावर बेंटेने भांडी घासायला घेतली. बाहेर अजून चांगलाच उजेड होता.

"वाऱ्यावर पैज," ती म्हणाली.

"हं."

"वाऱ्यावर नव्हती. तो ओरडेल की नाही, यावर होती. टॉवेल वाळत घालताना मी ऐकलंय." तिने ताट निथळायला ठेवलं. "ओरडायला काहीतरी कारण लागतं. फ्लेमिंग, पाटी कोणी फिरवली?"

त्याने कोणालाही काहीही सांगितलं असतं. पण एवढ्याशा जागेत बायकोचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागलेला असताना माणूस किती वेळ टिकणार?

"मी."

तिने नळ बंद केला. हात पुसले. झोपायच्या जागेखालचा खण उघडला, फुलाफुलांचा गाऊन काढला, एकदा झटकला आणि दाराच्या खुंटीला अडकवला. मग तोंड भिंतीकडे करून आडवी झाली.

तो उवेकडे गेला. उवे काळवंडलेल्या तोंडाने बसला होता, बियर न उघडता. फ्लेमिंगने सगळं सांगितलं. मुलगी, फेरीबोट, विकायची बोट.

"पैज रद्द," उवे म्हणाला. "मी सोडली. मला काही नको तुझ्याकडून."

"म्हणजे सुटलो."

"माझ्याकडून सुटलास." उवेने समोरच्या धक्क्याकडे हनुवटी केली. हिरवी पाटी इथूनही दिसत होती. "मी पण हसलो होतो रे. डबा उंच केला होता मी."

फ्लेमिंग परत येताना स्वतःच्या बोटीच्या पुढच्या टोकावर थांबला. पलीकडे एगोन आपल्या चिमणीत गुडघ्यांवर बसून तळ पुसत होता. घर सोडायच्या आधी फरशी पुसतात तसा, कोपरे धरून. हाक मारायला फ्लेमिंगने तोंड उघडलं. काका, मी केलं. तीन शब्द. पण पाठोपाठ त्याला गोगलगाय आठवली. खरं सांगितलं तर बोट वाचेल. आणि त्याच खऱ्याने म्हाताऱ्याला कळेल, की न घडलेलं आपल्याला पट्ट्यांसकट आठवतं. रबराच्या उंदरावर उपाय असतो, तो काढून फेकता येतो. हे कसं काढायचं?

"झोपला नाहीस अजून?" एगोनने वर बघितलं. "माझ्यामुळे जाग आली का? माफ कर हं."

"नाही, नाही. तुमचं चालू द्या."

आणि तो खाली गेला.

सकाळी वारा पडला होता. धक्क्यावर दुकानातून आलेली पावांची टोपली ठेवलेली होती. फ्लेमिंग वर आला तेव्हा एगोनची बोट रिकामी होती. म्हातारा फेरीबोटीच्या धक्क्यावर गेला होता. फ्लेमिंगच्या अंगात फुलाफुलांचा गाऊन होता. काखेत घट्ट, खाली केसाळ पोटऱ्या, पायात समुद्री बूट.

पहिली बोट उवेची. उवे ब्रश तोंडात धरून वर आला आणि तसाच उभा राहिला. "वेड्या, मी सोडली होती ना!"

"मी हरलो," फ्लेमिंग मोठ्याने म्हणाला. "एगोनकाकांची पाटी मी हिरवी केली होती. गंमत म्हणून. त्यांची काही चूक नाही." आणि पाव पुढे केला.

उवेने तोंडातला फेस पाण्यात थुंकला, पाव घेतला. मग विजार चढवून त्याच्या मागोमाग चालायला लागला. "टोपली मी धरतो," म्हणाला. "डबा उंच करणारा मीच ना."

दुसऱ्या बोटीवर एक कुटुंब होतं. पोरं गाऊन बघून हसत लोळायला लागली. फ्लेमिंगने तेच सांगितलं, तेवढ्याच मोठ्याने. पोरांच्या आईने पोरांना गप्प केलं. हळूहळू माणसं कॉफीचे पेले घेऊन बोटींवर उभी राहिली. हसू यायचं, आणि पुढचं ऐकलं की मधेच विरायचं. आयुष्यभर लोक हसावेत म्हणून धडपडलेला माणूस तो. आज कोणी हसलं की त्याला वाटायचं, अजून थोडं हसा, म्हणजे पुढचं बोलावं लागणार नाही.

समोरच्या धक्क्यावर डच माणसाने पाव घेतला आणि बायकोकडे बघितलं. "म्हणजे आम्ही चोरीच्या बिछान्यात झोपलो," तो म्हणाला, आणि पावाला हात न लावता लगेच इंजिन सुरू करायला वळला.

आणि तिकडून एगोन येत होता. शेजारी पन्नाशीची बाई, हातात छोटी बॅग, चेहऱ्यावर रडून झाल्यानंतरची करडी तयारी. लोने. गाऊनमधल्या माणसाला बघून ती थांबली.

"हा माझा शेजारी," एगोन तिला म्हणाला. "पैज हरलाय बिचारा. वाऱ्यावर."

"वाऱ्यावर नाही, काका." फ्लेमिंग पुढे झाला. सगळा धक्का ऐकत होता, आणि पैजेचा नियम होता मोठ्याने बोलायचं. "तुमच्यावर. तुम्ही ओरडाल म्हणून. पाटी मी फिरवली. तुम्ही लाल ठेवून गेला होतात." त्याने हात लांब करून पाटी फिरवून दाखवली. हिरव्याची लाल. "अशी. मी. मी हरलो."

मग लोनेने बॅग खाली टाकली.

"तुम्हाला लाज नाही वाटत? ते काल फोनवर..." तिचा आवाज फाटला. "मी कधी ऐकलं नाही त्यांना असं बोलताना, आयुष्यात! हसायला दुसरं कोणी सापडलं नाही तुम्हाला? ऐंशी वर्षांचा माणूसच सापडला?"

"नाही सापडलं," फ्लेमिंग म्हणाला.

ती त्याला मारेल असं वाटलं. पण ती वळली आणि बापाला मिठी मारली. "बाबा! म्हणजे तुम्ही नाही केलं! ऐकलंत का? तुमचं काही चुकलंच नव्हतं. चूक नाही तर विकायचं नाही, ठरलंय आपलं. मी त्या माणसाला आत्ता कळवते." डोळे पुसत ती चार पावलं बाजूला गेली, फोन कानाला लावला. बोटींवरून कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

एगोन पाटीसमोर उभा होता. त्याने तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग आवाज न चढवता, फक्त फ्लेमिंगला ऐकू जाईल असं विचारलं,

"आणि गोगलगाय?"

फ्लेमिंगला हा प्रश्न येणार हे रात्रीपासून माहीत होतं. उत्तर तयार होतं.

"होती ना काका. पिवळी, पट्ट्याची. मीच सोडवली आणि गवतात ठेवली. तुम्ही जाताना बघितली असणार, तीच तुमच्या डोक्यात राहिली."

कान हलला नाही. आवाज कापला नाही. इतक्या वर्षांत इतकं चांगलं खोटं तो बोलला नव्हता, आणि इतक्या चांगल्यासाठी तर कधीच नाही.

एगोन त्याच्याकडे बघत राहिला. काल संध्याकाळी हाच चेहरा टेबलापलीकडून त्याला म्हणाला होता, पोरांनी केलं असणार. हाच म्हणाला होता, पैज वाऱ्यावर होती. म्हाताऱ्याने ती दोन्ही वाक्यं या तिसऱ्याशेजारी शांतपणे ठेवून पाहिली असावीत. मग तो हसला, आणि त्याने फ्लेमिंगच्या गाऊनची वर सरकलेली बाही खाली ओढून सारखी केली.

"चांगला आहेस," तो म्हणाला.

लोने परत आली. "सांगितलं त्याला. आता बोट तुमचीच."

"हो, हो." एगोनने खिशातून चिमणीची किल्ली काढली. बुचाचा गोळा लावलेली, पाण्यात पडली तरी तरंगेल अशी. ती त्याने मुलीच्या कोटाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली. "राहू दे तुझ्याकडे."

"अहो, मला कशाला?"

"पाव खायचाय मला. हाताला लोणी लागेल." तो फ्लेमिंगकडे वळला. "माझा पाव दे की."

फ्लेमिंगने लोनेच्या खिशाकडे बघत पाव दिला. सगळ्या बोटी हसल्या. आता मोकळेपणी, कारण गोष्ट गोड झाली होती. उवेसुद्धा हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. लोने आता बोटीच्या नव्या रंगाबद्दल बोलत होती. एगोन पाव चावत मान डोलवत होता.

धक्क्यावर अजून काही बोटी राहिल्या होत्या. फ्लेमिंगने उवेच्या हातातून टोपली घेतली, पुढच्या बोटीसमोर जाऊन उभा राहिला. तिथली माणसं टाळ्या वाजवत त्याचीच वाट बघत होती.

"मी हरलो," तो म्हणाला.

"मोठ्याने!" कोणीतरी ओरडलं.

"हरलो," फ्लेमिंग म्हणाला. यावेळी एवढ्या मोठ्याने, की डोलकाठीवरचे सीगल उडाले.